एकच कोड, दोन शहरं: न्यूयॉर्कचा आणि शिकागोचा सी1-2

शिकागोच्या झोनिंग नकाशावर, म्हणजे कुठल्या जमिनीवर काय आणि किती बांधता येईल ते दाखवणाऱ्या नकाशावर, सी1-2 दिसलं की बरंच काही तिथेच कळतं. सी म्हणजे व्यापारी विभाग. डॅशनंतरचा आकडा बांधकामाची मर्यादा सांगतो. आपल्या भाषेत एफएसआय, म्हणजे प्लॉटच्या किती पट बांधकाम करता येतं. 1 ला 1.2, 2 ला 2.2, 3 ला 3, 5 ला 5. म्हणजे सी1-2 मध्ये 5,000 चौरस फुटांच्या प्लॉटवर 11,000 चौरस फूट बांधकाम. दर घरामागे किमान 1,000 चौरस फूट जमीन लागते, म्हणून साधारण पाच घरं. नवख्या माणसालाही हा हिशेब कागदावर करता येतो.

न्यूयॉर्कमध्ये हेच ज्ञान नेलं तर फसगत ठरलेली. तिथे सी1-2 हा निवासी विभागावर रेषांनी आखलेला दुसरा थर असतो आणि डॅशनंतरचा आकडा मुख्यतः पार्किंगची सक्ती किती ते दाखवतो: 1 ला जास्त, 5 ला कमी. दुकानांचा एफएसआय ठरतो खालच्या थरावरून, म्हणजे आर या अक्षराने दाखवलेल्या निवासी विभागावरून. आर5 पर्यंत 1, आर6 पासून पुढे 2. त्याच 5,000 फुटांवर आर4 असेल तर दुकानांना 5,000 फूट, आर7 असेल तर 10,000. त्यामुळे फक्त सी1-2 वाचून सौदा करू नये, खालचा आर कोणता हे आधी पाहावं.

वाचायला शिकागोची पद्धत सरस, यात मला शंका नाही. पण गल्लीचं निवासी रूप कायम ठेवून कोपऱ्यावर किराणा दुकान, सलून येऊ द्यायचं असेल, तर न्यूयॉर्कचा थर जास्त नेमकं काम करतो.