फाईल मागायची कुठे: आभा ॲपवर की रेकॉर्ड रूमच्या खिडकीवर?

अण्णांच्या अँजिओप्लास्टीनंतर वर्षभरात त्यांचे कागद मला तीनदा मागावे लागले. एकदा दुसऱ्या हृदयरोगतज्ज्ञांना दाखवायला, एकदा मेडिक्लेम अडला म्हणून, आणि एकदा गावच्या डॉक्टरांना नेमकी कोणती औषधं चालू आहेत ते कळावं म्हणून. तिन्ही वेळा कागद एकाच रुग्णालयाचे, पण मागायची योग्य जागा दर वेळी वेगळी निघाली. आता नात्यातलं कुणी ॲडमिट झालं की मला फोन येतो: ‘ॲपवर सगळं मिळतं म्हणे, मग हेलपाटे कशाला?’ मी उलट विचारतो, कागद कशासाठी हवेत?

ॲपचा रस्ता

आभा म्हणजे 14 अंकी आरोग्य क्रमांक. तो ज्या सरकारी योजनेतून मिळतो ते आयुष्मान भारत डिजिटल मिशन 27 सप्टेंबर 2021 रोजी देशभर सुरू झालं, राष्ट्रीय आरोग्य प्राधिकरण ते चालवतं. क्रमांक आधारच्या ओटीपीवर काही मिनिटांत निघतो, पैसे लागत नाहीत, आणि काढणं ऐच्छिक आहे. कोविडच्या लशीच्या वेळी ओळखपत्र म्हणून आधार दाखवलं असेल तर तुमचा क्रमांक कदाचित तेव्हाच तयार झाला असेल. नवा काढण्याआधी तेवढं बघून घ्या, नाहीतर कोणत्या क्रमांकाला काय जोडलंय हे शोधत बसाल.

बहुतेकांची समजूत अशी असते की क्रमांक काढला की देशभरातले सगळे रिपोर्ट एका जागी येऊन बसतात. तसं नाही. फाईल तयार होते त्या रुग्णालयातच राहते. मधली यंत्रणा फक्त निरोप नेते, तुमची संमती विचारते आणि कागद पोचवते. त्यामुळे रुग्णालय या यंत्रणेला जोडलेलं नसेल, किंवा जोडलेलं असूनही तुमची भेट त्यांनी तुमच्या क्रमांकाखाली नोंदवली नसेल, तर ॲप रिकामंच दिसणार. पाच-सात वर्षांपूर्वीच्या कागदी फायली तर त्यात आपोआप येतच नाहीत. त्या स्वतः फोटो काढून चढवाव्या लागतात.

आमचं घोडं अडलं ते मोबाईल नंबरावर. अण्णांना रात्री दोन वाजता नेलं तेव्हा केस पेपर मी काढला आणि नंबर माझा दिला. आभा मात्र त्यांच्या आधारला जोडलेल्या जुन्या नंबरावर. ॲपमध्ये रुग्णालय निवडून जुने कागद शोधायची सोय आहे, पण ती जुळणी मोबाईल, नाव, लिंग आणि जन्मवर्ष यांवर होते. आधारवर अण्णांचं पूर्ण नाव, केस पेपरवर घाईत लिहिलेली आद्याक्षरं आणि आडनाव. जुळणार कसं? शेवटी रुग्णालयाच्या नोंदणी खिडकीवर जाऊन नाव आणि नंबर दुरुस्त करून घेतला, आभा क्रमांक त्यात घालायला सांगितला, आणि मग कागद दिसले. म्हणजे घरबसल्या म्हणवणाऱ्या रस्त्यालाही एक फेरी पडलीच. ज्यांच्या घरात सगळ्यांच्या दवाखान्याला मुलाचा किंवा सुनेचा नंबर दिला जातो त्यांनी हे आधीच निस्तरावं.

एकदा जुळलं की मात्र या रस्त्याइतकं सुटसुटीत काही नाही. गावच्या डॉक्टरांची गरज ॲपनेच भागवली. अण्णांनी डिस्चार्ज समरी आणि शेवटची दोन प्रिस्क्रिप्शन फोनवर उघडून दाखवली, ‘ती छोटी पांढरी गोळी’ असं वर्णन करायची वेळ आली नाही.

संमतीचा भाग मला मनापासून आवडतो. दुसऱ्या रुग्णालयाने कागद मागितले की ॲपमध्ये विनंती दिसते: कोण मागतंय, कशासाठी, कोणत्या प्रकारचे कागद, कुठल्या तारखांपासून कुठपर्यंतचे, आणि परवानगी कधी संपणार. तारखा आणि मुदत आपण कमी करू शकतो, परवानगी नंतर काढूनही घेऊ शकतो. झेरॉक्सची थप्पी एकदा कुणाच्या टेबलावर ठेवली की ती पुढे कुठे जाते यावर आपला असा ताबा कधीच नसतो.

खिडकीचा रस्ता

रुग्णालयात याला एमआरडी म्हणतात, पाटीवर ‘वैद्यकीय अभिलेख विभाग’ असतं, आणि बहुतेक ठिकाणी तो तळघरात किंवा जिन्याखाली सापडतो. साधा अर्ज, रुग्णाची सही, ओळखपत्राची प्रत, नातेवाईक जाणार असेल तर रुग्णाचं अधिकारपत्र. झेरॉक्सचे पैसे पानागणिक पडतात.

इथे कायद्याचं बळ पाठीशी आहे, आणि ते पुरेसं कुणाला माहीत नसतं. भारतीय वैद्यक परिषदेच्या 2002 च्या विनियमांनुसार ॲडमिट रुग्णाचे कागद डॉक्टरांनी उपचार सुरू झाल्यापासून 3 वर्षं जपायचे असतात, आणि रुग्णाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या माणसाने मागितले तर 72 तासांत द्यायचे असतात. कागद गोपनीय आहेत असं सांगून ते रुग्णापासूनच अडवून ठेवता येत नाहीत, हे मुंबई उच्च न्यायालयाने 1996 सालीच स्पष्ट केलं आहे. ॲपमधल्या ‘प्रलंबित’ या शेऱ्याला अशी काही मुदत मला कुठे दिसली नाही. तिथे विनंती कुठवर पोचली ते दिसतं, पण ती अडकली तर कुणाला जाब विचारायचा ते दिसत नाही. 14477 या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते, एवढंच.

खिडकीवर माग ठेवायचं साधन म्हणजे पोच. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का. तो घेतला नाही तर तुमचे 72 तास कधी सुरू झाले हे कुणालाच सिद्ध करता येत नाही. ‘ठेवून जा, बघतो’ असं म्हटलं गेलं तरी पोच मिळेपर्यंत हलू नका. मी पहिल्या दिवशी हललो. पुढच्या आठवड्यात ‘असा अर्ज आलेलाच नाही’ हे उत्तर ऐकून परत लिहायला बसलो.

फरक पडतो तो नेमका इथे

ॲपवर येतात ते डिस्चार्ज समरी, प्रिस्क्रिप्शन, तपासण्यांचे रिपोर्ट, ओपीडीची टिपणं, लसीकरण. म्हणजे उपचारांचा गोषवारा. खिडकीवर मिळते ती अख्खी इनडोअर फाईल: कॅज्युअल्टीतली पहिली नोंद, रोजची टिपणं, नर्सचा चार्ट, कुठलं औषध किती वाजता दिलं ते, संमतिपत्रं, शस्त्रक्रियेची नोंद.

मेडिक्लेमच्या वेळी हा फरक मला पैशांत समजला. आमच्या विमा कंपनीने दावा अडवला, कारण डिस्चार्ज समरीत अण्णांना रक्तदाबाचा त्रास ‘10 वर्षांपासून’ असं टाइप झालं होतं. पॉलिसी त्यामानाने नवी, तेव्हा आजार लपवला असा ठपका आला. ॲपवर तीच समरी, तीच चूक. इनडोअर फाईल हातात आली तेव्हा कॅज्युअल्टीच्या डॉक्टरांच्या अक्षरातली पहिली नोंद सापडली: ‘10 महिने’. त्या एका पानाच्या शिक्का-सहीच्या प्रतीवर दावा मंजूर झाला. ॲपमधल्या पीडीएफने ते झालं नसतं. एक तर ते पान तिथे नव्हतंच, आणि कंपनीला प्रत साक्षांकितच हवी होती.

दुसरी वस्तू अँजिओग्राफीची सीडी. मुंबईच्या तज्ज्ञांनी ॲपवरचा लेखी रिपोर्ट चाळला आणि विचारलं, ‘सीडी कुठे आहे?’ कुठली रक्तवाहिनी किती आकसली आहे ते त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी हलत्या चित्रात बघायचं होतं. सीटी आणि एमआरआयचंही तसंच. आमच्याकडे ॲपवर फक्त शब्दांतला निष्कर्ष आला होता. म्हणून दुसरं मत घ्यायचं असेल तर ॲपवरची संमती आधी देऊन ठेवा, पण सीडी डिस्चार्जच्या दिवशीच मागून घ्या.

रुग्णालयांची स्वतःची ॲपं हा तिसरा रस्ता. रक्ताचे रिपोर्ट तिथे बहुधा सगळ्यात आधी येतात. पण रुग्णालय बदललं की ते ॲप तिथेच राहतं, त्यामुळे रिपोर्ट उतरवून ठेवण्यापलीकडे त्यावर विसंबू नये. सरकारी रुग्णालयाने अर्ज दाबून ठेवला तर माहिती अधिकाराखाली 30 दिवसांत उत्तर मागता येतं.

मग ठरवायचं कसं? उपचार चालू आहेत, मधुमेह-रक्तदाबासारखं दीर्घ दुखणं आहे, किंवा आईवडील एका गावात आणि डॉक्टर दुसऱ्या, तर आजच आभा काढून पुढची प्रत्येक भेट तिच्याशी जोडा. त्याला पर्याय नाही असंच मी म्हणेन. परदेशातून आईवडिलांचं बघणाऱ्यांनाही हाच रस्ता, फक्त ओटीपीचा फोन घरात कुणाच्या हातात असेल ते ठरवून घ्यावं लागेल. विम्याचा वाद, उपचारांत हलगर्जी झाल्याची शंका किंवा पोलीस केस असेल तर ॲपमध्ये एक दिवसही घालवू नका, थेट खिडकी. ग्राहक आयोगाकडे जायची मुदत साधारण 2 वर्षांची असते आणि फाईल जपायचं बंधन 3 वर्षांचं. रुग्ण दगावला असेल तरी खिडकीच, कारण ॲपवर संमती द्यायला तो माणूस उरलेला नसतो. वारसाने मृत्यूचा दाखला आणि नात्याचा पुरावा जोडून अर्ज करायचा.

अर्जात ‘सर्व कागदपत्रे मिळावीत’ असं मोघम लिहू नका. त्यावर समरीची झेरॉक्स हातात ठेवतात. मी दुसऱ्यांदा लिहिलेला अर्ज असा होता, हवा तर उतरवून घ्या:

‘रुग्णाचे नाव, इनडोअर नोंदणी क्रमांक, दाखल व डिस्चार्जची तारीख. वरील कालावधीतील संपूर्ण इनडोअर केस पेपर, म्हणजे कॅज्युअल्टी नोंद, दैनंदिन टिपणे, नर्सिंग व औषधांचे तक्ते, संमतिपत्रे, शस्त्रक्रियेची नोंद, सर्व तपासणी अहवाल आणि अँजिओग्राफीची सीडी, यांच्या प्रत्येक पानावर शिक्का व सही असलेल्या प्रती 72 तासांत मिळाव्यात. एकूण पानांची संख्या पत्रात नमूद करावी. या अर्जाची पोच दुसऱ्या प्रतीवर द्यावी.’