कोचिंगचे सहा महिने: खरी कसोटी मधल्या चौदा दिवसांची

इथे कोचिंग म्हणजे शिकवणी नव्हे. प्रशिक्षित कोचसोबत पंधरवड्यातून एकदा तासभर बसायचं आणि स्वतःच्याच एखाद्या बदलावर काम करायचं: नकार द्यायला शिकणं, हाताखालच्यांना काम सोपवणं, वर्षभर टाळलेलं काम सुरू करणं. सहा महिने, 12 सेशन पूर्ण वापरल्यानंतरचं हे मत. बदल घडतो तो दोन सेशनच्या मधल्या चौदा दिवसांत. सेशन ही त्याची तयारी, आणि कोचची पारख ती तयारी किती नेमकी होते यावरच करावी.

सुरुवातीला बहुतेकांचं ध्येय मोघम असतं: ‘आत्मविश्वास वाढवायचाय.’ चांगला कोच विचारतो, “तो वाढला हे सोबतच्या माणसाला कशावरून कळेल?” उत्तर ‘दर आठवड्याच्या बैठकीत एकदा तरी स्वतःहून बोलेन’ इथवर खाली उतरेपर्यंत तो सोडत नाही. यात अख्खं सेशन जातं, कधी दोन. तेव्हा वेळ वाया गेल्यासारखं वाटतं, पण इथे घाई झाली तर चौथ्या सेशनला ध्येयच बदलतं आणि आधीची मेहनत पाण्यात जाते.

पुढे बरेच कोच ‘ग्रो’ ही चौकट वापरतात: ध्येय, सद्यस्थिती, पर्याय आणि शेवटी नक्की काय करणार. सगळ्यात जास्त चालढकल होते ती सद्यस्थितीत. ‘वेळच मिळत नाही’ ही झाली तक्रार. सद्यस्थिती हवी असेल तर आठवडाभर तीन रकाने भरावेत: काम कधी टाळलं, त्याच्या लगेच आधी काय घडलं, त्याऐवजी काय केलं. सात दिवसांत ठरावीक वेळ किंवा ठरावीक माणूस पुन्हा पुन्हा दिसू लागतो, आणि पर्याय तिथूनच सुचतात.

शेवटची दहा मिनिटं मात्र राखून ठेवायलाच हवीत. त्यात एकच काम ठरवावं, तेही मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांनी अभ्यासलेल्या ‘जर-तर’ पद्धतीने. ‘रोज अहवाल लिहीन’ हे निसटतं. ‘लॅपटॉप उघडला की मेलच्या आधी 15 मिनिटं अहवाल’ हे टिकतं, कारण आठवण करून द्यायचं काम प्रसंगच करतो. मग प्रश्न येतो: हे होईल याची खात्री 0 ते 10 मध्ये किती? 7 च्या खाली असेल तर काम निम्मं करा. भिडेखातर 8 सांगणारे पुष्कळ असतात आणि पुढच्या वेळी रिकाम्या हाताने येतात. कुणी 5 म्हटलं तर जाणता कोच ‘8 का नाही’ असं विचारत नाही, ‘3 का नाही’ असं विचारतो. पहिल्या प्रश्नाने अडचणींची यादी मिळते, दुसऱ्याने जमण्याची कारणं.

तिसऱ्या महिन्यात ढिलाई येतेच. ‘21 दिवसांत सवय लागते’ या समजुतीने फार नुकसान केलंय. लंडनमधल्या 2010 च्या एका अभ्यासात सवय अंगवळणी पडायला साधारण 66 दिवस लागले, आणि माणसागणिक तो आकडा 18 ते 254 असा पसरलेला होता. एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडत नाही, हेही त्यातच दिसलं. म्हणून चुकलेलं काम लपवू नका. कोचला कामाची माहिती त्यातूनच मिळते.

कोच निवडताना चाचणीच्या सेशननंतर एवढंच आठवा: जास्त कोण बोललं? कोच सतत सल्ले देत असेल तर तो अनुभवी मार्गदर्शक असेलही, पण कोचिंग झालं नाही. इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशनच्या पहिल्या पातळीच्या प्रमाणपत्राला किमान 60 तासांचं प्रशिक्षण आणि 100 तासांचा अनुभव लागतो. चौकशीला तेवढा आधार पुरतो. फी कंपनी भरत असेल तर साहेबांपर्यंत काय जाणार हे पहिल्याच दिवशी लेखी ठरवा. ते संदिग्ध राहिलं की माणूस मोकळं बोलत नाही आणि सगळी सेशन वरवरची होतात.

झोप उडालेली असेल, सतत उदास वाटत असेल, तर आधी मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. कोचिंग तिथे चालत नाही, आणि प्रामाणिक कोच हे स्वतःच सांगतो.

शेवटची दोन सेशन पंधरवड्याऐवजी महिन्याच्या अंतराने घ्यावीत. तीन रकान्यांची वही तोवर कोचने न विचारताही भरली जात असेल, तर मुदत वाढवायची गरज नसते.