राउटर दणकट, स्विच मात्र डोक्याला ताप

राउटर म्हणजे लाकडात खाचा पाडायचं आणि कडा घडवायचं हातातलं मशीन. मोटरची ताकद, सॉफ्ट स्टार्ट (हळूहळू वेग घेणं), मिनिटाला ८ हजारांपासून २५ हजारांपर्यंत फेऱ्या, हे सगळं खोक्यावर छापलेलं असतं आणि त्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. कडांना गोलाई मारली, कप्प्यांसाठी खाचा पाडल्या, सागवानावरही मोटर दमली नाही. तरी हे लिहितोय ते स्विचमुळे. तो परवा अडकला. चालू होईना असं नाही, बंदच होईना! भुशाने बटण इतकं घट्ट बसलं की दोन्ही हातांत फिरतं मशीन धरून मुलीला हाक मारली आणि भिंतीवरचं बटण बंद करून घेतलं.

स्विच बिघडतो, ते एक वेळ समजू शकतो. पण याची जागा कोणी ठरवली? मोटरच्या डोक्याशी, तीही मागच्या अंगाला. दोन्ही मुठी धरल्या की एकही बोट तिथवर पोचत नाही. डाव्या अंगठ्याशी प्लंजचा लॉक (प्लंज म्हणजे मोटर स्प्रिंगवर खाली दाबून बिट, म्हणजे फिरतं पातं, लाकडात उतरवणं), म्हणजे तो हात अडकलेला. राहिला उजवा, तोच सोडावा लागतो. साध्या खाचेला त्याने फारसं बिघडत नाही. लॉक सोडला की स्प्रिंग बिट वर घेते, मग सावकाश बंद करा. पण जिग (बिटला वाट दाखवणारा साचा) लावून डोव्हटेल, म्हणजे पंख्यासारख्या दातांचा सांधा, करताना तसं चालत नाही. ते बिट टोकाला रुंद आणि वर निमुळतं. सरळ वर उचललं की लाकूड तर फाटतंच, टेम्प्लेट (जिगवरची खाचांची पट्टी) आणि बिटही जातं. म्हणून मशीन बंद करायचं आणि बिट पूर्ण थांबेपर्यंत बेस (राउटरची खालची बैठक) टेम्प्लेटवर दाबून धरायचा. नेमका त्याच वेळी हा स्विच तुम्हाला एक हात सोडायला लावतो.

सर्व्हिस सेंटरचं पहिलं उत्तर: 'भुशात वापरलंय, वॉरंटीत बसत नाही.' लाकडाचं मशीन भुशात नाही तर कशात वापरायचं? बराच वाद घातल्यावर स्विच फुकट बदलून दिला. जागा अर्थातच तीच, आणि वर रबरी टोपी आताही नाही.

दुरुस्ती होईपर्यंत मित्राचा राउटर आणला होता, मुठीतच ट्रिगर असलेला. पहिल्याच फळीला वाटलं, आपलं मशीन विकून टाकावं. पकड न सोडता चालू, बोट उचललं की बंद. मात्र लांब कडेला बोट अवघडतं. मग लॉकचं बटण दाबायचं, आणि बंद करताना ट्रिगर पुन्हा एकदा ओढून सोडायचा. सवय नसेल तर घाईत हे आठवत नाही. तरीही हात मुठीवरच राहतो, हे महत्त्वाचं.

राउटर टेबलाखाली उलटा लावायचा असेल तर मात्र माझं मत फिरलं. तिथे ट्रिगर गैरसोयीचा. लॉक नसेल तर लोक पट्टीने आवळून ठेवतात, तो तर वेडेपणाच. तिथे माझा सरकवायचा स्विच बरा: तो चालूच ठेवायचा आणि टेबलाच्या पुढच्या बाजूला वेगळा स्विच बसवायचा. हा वेगळा स्विच मात्र वीज जाऊन परत आली तरी आपोआप चालू न होणारा घ्या. नाहीतर अंधारात बिट बदलायला हात घालाल आणि वीज येईल. (बिट बदलताना प्लग काढायचाच, हे सांगायला नको.)

दुकानात बघताना नुसतं उचलून बघू नका. बेस काउंटरवर ठेवा, दोन्ही मुठी धरा, लॉक सोडून पूर्ण खाली दाबा आणि तसंच दाबून धरून बोट स्विचपर्यंत जातं का बघा. प्लंज आणि फिक्स्ड (खोली आधीच पक्की करायचा) असे दोन बेस मिळत असतील तर दोन्हींत बघा. काही फिक्स्ड बेसमध्ये खोली बदलायला मोटरच फिरवावी लागते, म्हणजे दर खोलीला स्विच वेगळ्याच दिशेला. डावखुऱ्यांनी तर हे आधी बघावं.

माझा राउटर आता कायमचा टेबलाखाली गेलाय. मोटर चांगली आहे, टाकून कशाला द्यायची? हातात धरायला ट्रिगरवाला शोधतोय. पाचपैकी तीन तारे, आणि त्यातला एक सर्व्हिसवाल्याशी भांडून मिळवलेला.