सहा हजारी शिखरांचे डबल बूट आणि नागपूरचा उन्हाळा : काही महिन्यांच्या वापरानंतर

लडाखमधल्या कांग यात्से-२ (६,२५० मी.) किंवा त्या उंचीच्या शिखरासाठी सिंगल बूट घ्यायचा की डबल (आत वेगळा काढता येणारा मऊ बूट, म्हणजे इनर, असलेला), हे आधी ठरवा. मनालीजवळचं फ्रेंडशिप पीक (५,२८९ मी.) उन्हाळी हंगामात चांगल्या इन्सुलेटेड सिंगल बुटावर निभावतं. सहा हजारांच्या वर माझं मत डबललाच. सिंगल बूट दिवसभराच्या घामाने आतून ओलावतो, कॅम्पवर वाळत नाही आणि रात्री एक वाजता निघायच्या वेळी गोठून कडक झालेला असतो. डबल बुटाचा इनर काढून स्लीपिंग बॅगेत घेता येतो, निघताना तो कोरडा आणि गरम मिळतो. फँटम ६०००, जी-२ या वर्गातले बूट इथे पुरतात. फँटम ८००० किंवा ऑलिंपस मॉन्स हे आठ हजारी शिखरांचे बूट. ते खालच्या उंचीवर नुसते जड आणि घाम काढणारे.

जोडी अर्ध्या लाखाच्या वर जाते, म्हणून मापाला घाई नको. संध्याकाळी, पाय सुजलेले असताना कागदावर पाऊल ठेवून टाच ते अंगठा अंतर मोजा आणि दोनपैकी मोठा पाय धरा. बूट घरी आला की इनर बाहेर काढून नुसत्या शेलमध्ये, म्हणजे बाहेरच्या कडक बुटात, उभं राहायचं. बोटं पुढे टेकवल्यावर टाचेमागे दीड ते दोन बोटं जागा हवी. मग इनर घालून, एक पातळ आणि एक जाड लोकरी मोजा चढवून पुन्हा बघायचं. दोन जाड मोजे घालून बूट घट्ट केला की रक्त पुढे पोचत नाही आणि पाय जास्तच गार पडतो. हिमदंशाची सुरुवात बरेचदा अशा घट्ट बुटातच होते.

नागपुरात उतार शोधावा लागतो, पण अपार्टमेंटच्या पार्किंगचा रॅम्प या कामाला उत्तम. एसी लावून खोलीत अर्धा तास बूट घालून बसा, मग रॅम्पवरून दहा-बारा वेळा उतरा. बोटं पुढे आपटली तर माप लहान आहे. चढताना टाच उचलली जात असेल तर आधी घोट्याजवळची लेस आवळून बघा, तरी उचलली तर इनसोल बदला. पायरीच्या कडेवर बुटाच्या पुढच्या टोकाने हलक्या लाथा मारा. बर्फात तेच तासन्‌तास करायचं आहे, नख दुखलं तर तो बूट परत पाठवा. तळ वाकत नाही म्हणून घाबरू नका, बी-३ (पूर्ण ताठ तळाचा) बूट वाकायचाच नसतो. पण याच कारणाने तो डांबरी रस्त्यावर किंवा मोरेनमधून (हिमनदीने टाकलेल्या दगडधोंड्यांतून) चालत नेऊ नये. बेस कॅम्पपर्यंत तो सॅकमध्येच.

क्रॅम्पॉन, म्हणजे बर्फावर पकड देणारा बुटाखालचा दातेरी सांगाडा, बुटासोबतच जुळवून घ्या. पुढची तार वेल्टच्या (तळाच्या बाहेर आलेल्या कडेच्या) खाचेत दोन्ही बाजूंनी सारखी बसली पाहिजे आणि मागचा लिव्हर जोर लावूनच खटकन बंद झाला पाहिजे. पट्टा न बांधता बूट उचलून हलवा, क्रॅम्पॉन जागचा हलता कामा नये.

तक्रारी दोनच. गेटरच्या (बुटावरच्या कापडी आवरणाच्या) आतल्या बाजूचं कापड दुसऱ्या पायाच्या क्रॅम्पॉनने लवकर फाटतं, तिथे आधीच जाड नायलॉनचा तुकडा चिकटवून घ्या. दुसरी चेनची. दातांत वाळू आणि बर्फ अडकलं की ती सरकत नाही, आणि हातमोज्यांनी ओढली की दात उसवतात. जुन्या टूथब्रशने साफ करून मेणबत्ती घासली की बरी चालते.

आता नागपूरचं. हे बूट वर्षाचे दोन-तीन आठवडे हिमालयात असतात, बाकी सगळा काळ इथे. तळातलं पॉलीयुरेथेन (फोमसारखं प्लॅस्टिक) ओलाव्याने हळूहळू विघटित होतं, उष्णतेने ते आणखी झपाट्याने, आणि बूट न वापरताही. एप्रिल-मेमध्ये स्लॅबखालचा माळा भट्टी होतो, तर डेझर्ट कूलर चालणाऱ्या खोलीत दिवसभर दमट हवा. म्हणजे या दोन्ही जागा बाद. आतल्या, सावलीच्या खोलीतलं लाकडी कपाट बरं. इनर वेगळा, लेस सैल, आत वर्तमानपत्राचे बोळे आणि सिलिका जेलच्या पुड्या. पावसाळ्यात पुड्या बदलत राहा. प्लॅस्टिकच्या बंद पिशवीत मात्र ठेवू नका, आतला ओलावा तिथेच कोंडतो. गाडीच्या डिकीत तर एक दुपारही नको, डिंक सुटून तळ उघडतो.

मोहिमेच्या महिनाभर आधी मिडसोलवर (तळाच्या मधल्या थरावर) अंगठा दाबून बघा. भेगा पडल्या, भुगा निघाला किंवा तळाची कडा सुटली तर तो बूट वर न्यायचा नाही, नवीन दिसत असला तरी. लेह-मनालीत भाड्याने घेतानाही हीच तपासणी करा. जुने प्लॅस्टिक शेलचे बूट मिळाले तर घोट्याजवळ आणि वेल्टच्या कडेला बारीक चिरा शोधा. जुनं शेल थंडीत अचानक फुटतं, आणि मग त्याच्यावर क्रॅम्पॉन टिकत नाही.