रोजचं शब्दकोडं आणि शेजारची वही: आठ महिन्यांच्या वापरानंतर

कमळ (३). शेवटच्या घरात उभ्या शब्दातून आलेला 'ज' आहे. बहुतेक जण इथे 'पंकज' लिहून मोकळे होतात. पण पंकज, सरोज, नीरज, जलज, अंबुज आणि वारिज हे सहाही शब्द तीन अक्षरी आहेत, सहाही 'ज'वर संपतात आणि सहांचा अर्थ कमळच. 'ज' म्हणजे जन्मलेला, त्याच्या आधी चिखल, तळं किंवा पाणी. थोडक्यात, त्या 'ज'ने नवीन काहीच सांगितलं नाही. पहिलं किंवा मधलं घर मिळालं असतं तर मात्र एका फटक्यात निकाल लागला असता, कारण क, रो, र, ल, बु आणि रि ही सहाही मधली अक्षरं वेगळी आहेत.

हे रोज कोडं सोडवून कळत नाही. सोडवल्यावर 'हेच उत्तर का' हे लिहायला बसलं की कळतं. आठ महिने रोजच्या पेपरातलं मराठी शब्दकोडं आणि शेजारी एक साधी वही अशी जोडी वापरल्यावरचा हा अनुभव आहे, आणि त्यातला अर्ध्याहून जास्त भाग वहीचा आहे.

आधी घराचा नियम, कारण बहुतेक चुका तिथेच होतात. एका घरात एक अख्खं अक्षर बसतं: व्यंजन, त्याची काना-मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार, विसर्ग, सगळं मिळून एक. जोडाक्षर फोडायचं नाही. रफार पुढच्या अक्षराचा धरायचा. म्हणून 'सूर्य' दोन घरांचा (सू, र्य), 'भास्कर' तीन घरांचा (भा, स्क, र), 'कार्यक्रम' चार घरांचा (का, र्य, क्र, म). 'मार्तंड' हा नव्याला हमखास फसवतो. कानाने चार ठोके मोजले जातात, घरं मात्र तीनच: मा, र्तं, ड. कंसातला आकडा जुळत नाही असं वाटलं की आधी जोडाक्षरं मोजावीत, उत्तर नंतर बदलावं.

ही चौकटीची कल्पना मुळात रोमन लिपीतली. आर्थर विन यांचं पहिलं कोडं २१ डिसेंबर १९१३ ला 'न्यूयॉर्क वर्ल्ड'मध्ये छापून आलं, चौकोनी नव्हे तर शंकरपाळ्याच्या आकारात. तिथे प्रत्येक घरात सव्वीसांपैकी एक अक्षर. मराठीत चौतीस व्यंजनं गुणिले बाराखडी धरली तरी चारशेच्या वर जातं, जोडाक्षरं आणखी वेगळीच. याचे दोन परिणाम होतात. सोडवणाऱ्याला आयतं मिळालेलं एक अक्षर फार मोलाचं असतं: पहिल्या घरात 'न्या' आला की उमेदवार हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरतात. उलट कोडं रचणाऱ्याला दोन शब्दांत अगदी तेच अक्षर, त्याच वेलांटीसकट, छेदस्थानी, म्हणजे आडवा आणि उभा शब्द जिथे एकमेकांना कापतात त्या घरात, आणावं लागतं. म्हणून मराठी चौकटीत काळी घरं जास्त, शब्द आखूड आणि एकाच दिशेने वाचली जाणारी घरं पुष्कळ. अशा घराला वहीत 'बंद घर' म्हटलंय. तक्रारीचा मोठा भाग या बंद घरांचाच आहे, तो पुढे येईल.

आता ऱ्हस्व-दीर्घ. शुद्धलेखन कोड्यात शोभेचं नसतं, ते थेट घर बदलतं. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ आणि १९७२ च्या मिळून अठरा नियमांपैकी तीन रोज कामाला येतात.

पहिला, शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ. सूर्य (२) याचं उत्तर 'रवी', 'रवि' नव्हे. पण समासात तोच शब्द आधी आला की ऱ्हस्व होतो: 'रविवार', 'कविसंमेलन'. समजा आडव्यात सवयीने 'रवि' लिहिलं आणि त्याच घरातून खाली 'तंतुवाद्य (२)' सुरू होतंय. 'वीणा' सुचते, पण वर 'वि' बसलाय म्हणून नाकारली जाते आणि दहा मिनिटं नसलेल्या वाद्याच्या शोधात जातात.

दुसरा, उपान्त्य म्हणजे शेवटून दुसऱ्या अक्षराचा. 'फूल' पण 'फुले', 'चूक' पण 'चुका', 'वीट' पण 'विटा', 'बहीण' पण 'बहिणी'. म्हणजे एकवचन-अनेकवचनाचा फरक फक्त शेवटच्या घरात राहत नाही, मागच्या घरातही पोचतो. शोधसूत्र, म्हणजे कोड्यात दिलेला संकेत, 'सुमने' आहे की 'सुमन' हे न बघता 'फू' लिहिलं तर त्या घरातला उभा शब्द बिघडतो, आणि दोष मात्र उभ्या सूत्राला दिला जातो. तत्सम शब्द याला अपवाद: पूजा, परीक्षा यांतलं उपान्त्य दीर्घच राहतं.

तिसरा, अनुस्वार. उच्चारात स्पष्ट नसलेले जुने अनुस्वार गेले, 'नांव'चं 'नाव' झालं. आणि 'पंडित' हा आज पं-डि-त असा भरायचा. जुन्या वळणाने प-ण्डि-त लिहिला तरी घरं तीनच होतात, आणि म्हणूनच तो धोकादायक: मोजणी बरोबर, पहिली दोन्ही घरं चुकीची. याच ओघात, बोलण्यातलं 'करणं', 'फुलं' कोड्यात चालत नाही. तिथे 'करणे', 'फुले' हीच रूपं धरतात.

कमळासारखी कुटुंबं बरीच आहेत आणि त्यांचे तक्ते वहीच्या मागच्या पानांवर करून ठेवणं हा या आठ महिन्यांतला सगळ्यात फायद्याचा उद्योग. पाण्याला 'ज' लागला की कमळ, 'द' लागला की ढग (जलद, नीरद, अंबुद, वारिद), 'धी' लागला की समुद्र (जलधी, वारिधी, अंबुधी). म्हणजे सूत्रातूनच शेवटचं घर मिळतं, त्यावरून आलेला छेद फुकट जातो. 'कर'वाल्यांचंही तसंच: दिनकर, दिवाकर, प्रभाकर हे सूर्य, सुधाकर आणि निशाकर हे चंद्र, पाचही चार अक्षरी. शेवटची दोन घरं सूत्र वाचताच पेन्सिलीने भरून टाकावीत आणि नजर पहिल्या दोन घरांवर ठेवावी.

तसंच व्याकरणाचं. क्रियापदाचं सूत्र 'णे'वर संपत असेल तर उत्तरही 'णे'वर. 'पाहणे (४)' म्हटलं की शेवटच्या घरात 'णे' आधीच लिहिता येतो, मग 'निरखणे' की 'न्याहाळणे' ते पहिलं घर ठरवेल. विकारी विशेषण असेल तर लिंग-वचन सूत्राप्रमाणेच: 'थोरली'चं सूत्र 'मोठा' असू शकत नाही. तसं दिसलं तर छापखान्याची चूक समजावी.

वहीत प्रत्येक उत्तराला एक ओळ. सूत्र, उत्तर, दोघांना जोडणारा अर्थ, कोणत्या घरांनी खात्री दिली ते, आणि शेवटी एक खूण: 'प' म्हणजे पक्कं, 'छ' म्हणजे छेदाच्या भरवशावर, 'अं' म्हणजे अंदाज. कसोटी एकच, बदलीची. एक साधं वाक्य घ्यायचं, त्यात सूत्राच्या जागी उत्तर ठेवायचं. वाक्य तसंच उभं राहिलं तर 'प'. विभक्ती, लिंग किंवा वचन अडखळलं तर नाही. आणि हे सगळं दुसऱ्या दिवशीचं उत्तर छापून येण्याआधी लिहायचं. छापील उत्तर बघितल्यावर कारण सुचायला लागतं आणि ते कारण नेहमीच पटतं, हा मुख्य धोका. बहुतेक दिवशी वीस-पंचवीस मिनिटांत चौकट भरते, वहीला तेवढाच वेळ आणखी लागतो. ज्यांना फक्त चहाबरोबर चौकट भरायची आहे त्यांनी वहीच्या नादी लागू नये.

शब्दखेळाची सूत्रं रोजच्या कोड्यात थोडीच येतात, पण स्पष्टीकरणाची खरी गंमत त्यांत आहे. 'गरिबाला उलटं केलं की वाहते ती (२)': गरीब म्हणजे दीन, घरं उलटी वाचली की न-दी. मराठीत उलटं वाचायचं ते अक्षर-अक्षर, काना-वेलांटीसकट, म्हणून हे इतकं स्वच्छ जमतं. 'ती' हा शब्दही भरीचा नाही, तो उत्तराचं लिंग सांगतो. तिथे 'तो' असता तर सूत्र खोटं ठरलं असतं. किंवा 'दिव्यावर कर लावला की सूर्य (४)': दिवा अधिक कर, दिवाकर.

आणखी एक, जरा जवळून बघण्यासारखं: 'चित्ताला टोळी मिळाली की घड्याळ बांधायची जागा (४)'. वाचताना डोळ्यासमोर जंगल येतं. पण चित्ता या प्राण्याचं रूप 'चित्त्याला' होईल. 'चित्ताला' हे फक्त 'चित्त'चं रूप. चित्त म्हणजे मन, टोळी म्हणजे गट, मनगट. फसवणूक पूर्ण आहे आणि तरी रचणाऱ्याने एक अक्षरही खोटं लिहिलेलं नाही. अशा सूत्राचं स्पष्टीकरण लिहिताना प्रत्येक शब्दाचा हिशेब लागला पाहिजे. एक जरी शब्द उरला तर उत्तर चुकलंय किंवा सूत्र ढिसाळ आहे.

कोश दोन पुरतात. दाते-कर्वे यांचा 'महाराष्ट्र शब्दकोश' आणि मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश (दुसरी आवृत्ती १८५७). दोन्ही शिकागो विद्यापीठाच्या डिजिटल संग्रहात मोफत चाळता येतात. अडचण एवढीच की दोन्ही आजच्या शुद्धलेखनाच्या आधीचे. मोल्सवर्थमध्ये 'कवि' असाच सापडेल. अर्थ तिथून घ्यावा, वेलांटी घेऊ नये. ऱ्हस्वाने शोधून मिळालं नाही तर दीर्घाने शोधावं, जुना अनुस्वार घालूनही बघावं.

संगणकावर '???' टाकून तीन अक्षरी शब्द शोधायचा प्रयत्न बहुधा फसतो. युनिकोडमध्ये 'मार्तंड' म्हणजे सात खुणा आहेत: म, काना, र, हलन्त, त, अनुस्वार, ड. साधा शोध या सात मोजतो, कोडं तीन मोजतं. मोबाइलवरच्या कोड्यांतही हीच खोट डोकावते: मागे खोडण्याचं बटण दाबलं की अख्खं अक्षर जात नाही, आधी नुसता अनुस्वार उडतो, घर भरलेलं दिसतं आणि उत्तर चूक येतं. खोडायचं असेल तर घर पूर्ण रिकामं करूनच पुन्हा लिहावं. एवढ्यासाठी तरी कागद बरा.

कागदावर जेल पेन नको, वृत्तपत्राचा कागद शाई पितो आणि शेजारच्या घरात पसरवतो. बॉलपेन ठीक. पेन्सिल २बी. एचबी फिकी उमटते आणि दाबली की कागद खरवडतो. घर लहान असल्याने शिरोरेघ न देता लिहायची सवय लागते, पण मग 'म' आणि 'भ', 'घ' आणि 'ध' एक दिसतात, कारण त्यांच्यातला फरक तिथेच असतो. उपाय: 'म' आणि 'घ' यांना रेघ द्यायचीच, बाकीच्यांना सुट्टी. अक्षर घराच्या खालच्या भागात लिहावं, वर मात्रा आणि रफार यायचे असतात.

तक्रारी. सूत्रांचे क्रमांक चौकटीत नसणं, कंसातला आकडा चुकणं, एकच शब्द एका कोड्यात सूत्रातही आणि उत्तरातही येणं, हे अधूनमधून होतंच. सगळ्यात चीड आणतात ती दोन अक्षरी शब्दातली बंद घरं. पर्वत (२), दुसऱ्या घरात 'ग', पहिलं घर बंद. 'नग' बरोबर, 'अग' पण बरोबर, दोन्हींचा अर्थ 'न हलणारा' आणि दोन्ही कोशात. इथे सोडवणाऱ्याची चूक होऊच शकत नाही, तरी दुसऱ्या दिवशी निम्म्यांचं उत्तर चूक ठरतं. अशा जागी वहीत दोन्ही लिहून 'अं' खूण करावी आणि चौकटीत 'नग' भरावा, तो जास्त वेळा येतो. छापील उत्तर 'अग' आलं तरी ओळ खोडू नये, समोर तारीख टाकून ठेवावी. तोच रचनाकार तेच घर काही आठवड्यांनी पुन्हा बंद ठेवतो.