‘हर्बल’ बाटलीवरचं दुसरं लेबल

मी फसलो ते औषध लागू पडलं म्हणून. नसतं पडलं तर महिनाभरात जागा झालो असतो.

वय एकतीस, घरी स्थळं बघणं चालू आणि टाळूवरचे केस विरळ झालेले. पुण्यातल्या एका ‘हेअर क्लिनिक’मध्ये मोफत तपासणीला गेलो. पांढरा कोट घातलेल्या बाईंनी (त्या डॉक्टर नव्हत्या, काउन्सेलर होत्या, हे मी विचारलंच नाही) डोक्यावरून कॅमेरा फिरवला. पडद्यावर स्वतःची टाळू एवढी मोठी दिसली की माणूस सही करतोच. नऊ महिन्यांचं पॅकेज, ७८,००० रुपये, हप्त्यांवर. त्यात लेझरची टोपी, डोक्याला वाफ आणि रोज दोनदा लावायचं ‘हर्बल रूट सिरम’.

तिसऱ्या आठवड्यात केस आणखीच गळायला लागले. बाई म्हणाल्या, “विषारी द्रव्यं बाहेर पडतायत.” पाचव्या महिन्यात टाळूवर बारीक केस खरोखर आले. मी दोन मित्रांनाही तिथे पाठवलं, याची लाज अजून वाटते. फक्त गालाच्या हाडांवर लव का वाढतेय ते कळेना.

एकदा बाथरूममध्ये बाटली भिजली आणि स्टिकर सुटला. खाली मूळ लेबल: मिनॉक्सिडिल ५ टक्के.

बाटली घेऊन त्वचारोगतज्ज्ञाकडे गेलो. ते हसलेच. हे मुळात रक्तदाबाचं औषध. गोळी घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढू लागले म्हणून पुढे डोक्याला लावायचं झालं, अमेरिकेत १९८८ साली मंजुरी मिळाली. सुरुवातीची गळती, गालावरची लव, दोन्ही त्याचीच. केमिस्टकडे बाटली काहीशे रुपयांत मिळते. केसगळतीवर फिनास्टेराइड नावाची गोळीही असते, पण तिचे लैंगिक दुष्परिणाम समजून घेऊन, डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच. आणि औषध थांबवलं की मिळवलेले केस काही महिन्यांत जातात. म्हणजे नऊ महिने संपल्यावर मी घाबरून पुन्हा त्यांच्याच दारात, दुसऱ्या पॅकेजसाठी.

पैसे मागितले तर करारातली ‘परतावा नाही’ ही ओळ दाखवली. हप्ते क्लिनिकचे नव्हेतच, कर्ज फायनान्स कंपनीचं, हे तेव्हा कळलं. ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार नोंदवली आहे. सुटलेला स्टिकर, बाटली आणि पावत्या जपून ठेवल्यात. तुमच्याकडे अशी बिननावाची बाटली असेल तर आधी तिच्यावर औषधाचं नाव, बॅच नंबर आणि उत्पादकाचा पत्ता शोधा. स्टिकरखालीसुद्धा.

मी आता तेच औषध केमिस्टकडून घेतो. हप्ते अजून चार बाकी आहेत.