सोलापुरात घरगुती सोलरची विक्री : पगारावर की कमिशनवर?

सोलापुरात घरांच्या गच्चीवर सोलर बसवून देण्याच्या व्यवसायात विक्रीचे काम करू पाहणाऱ्यापुढे सध्या मुख्यतः दोन वाटा आहेत. एक म्हणजे पॅनेल बसवण्याचे काम स्वतः करणाऱ्या स्थानिक व्हेंडरकडे पगारी नोकरी धरणे, आणि दुसरी म्हणजे एखाद्या कंपनीला किंवा एकाच वेळी दोन-तीन व्हेंडरांना निव्वळ कमिशनवर ग्राहक मिळवून देणे. या दोहोंची तुलना बहुतेक जण महिन्याचा पगार आणि दर किलोवॅटमागचे कमिशन हे दोन आकडे शेजारी मांडून करतात. माझ्या मते खरा प्रश्न वेगळा आहे : ग्राहकाने होकार दिल्यापासून तुमच्या हाती पैसे पडेपर्यंत जे आठवडे जातात, त्या काळातला खर्च कोण सोसणार?

हा काळ लांबतो कसा, हे योजनेच्या रचनेवरून कळते. फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झालेल्या, घरांवरील सोलरला अनुदान देणाऱ्या केंद्र सरकारच्या पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या 2 किलोवॅटपर्यंत दर किलोवॅटला 30,000 रुपये, तिसऱ्या किलोवॅटला 18,000 रुपये आणि 3 किलोवॅट वा त्याहून मोठ्या संचाला कमाल 78,000 रुपये अनुदान मिळते. मात्र ते संच बसून, नेट मीटर (ग्रिडकडून घेतलेली आणि ग्रिडला दिलेली वीज मोजणारे मीटर) लागून, तपासणी झाल्यावर थेट ग्राहकाच्या बँक खात्यात जमा होते. म्हणजे सुरुवातीची पूर्ण रक्कम ग्राहकाला स्वतः उभी करावी लागते किंवा कर्ज काढावे लागते, आणि कर्ज म्हटले की बँकेची फेरी आली. 10 किलोवॅटपर्यंतच्या अर्जांना तांत्रिक व्यवहार्यता तपासणीची (त्या जागी संच जोडता येईल का, याच्या पडताळणीची) अट 2024 मध्ये काढून टाकण्यात आली, त्यामुळे महावितरणकडील एक टप्पा कमी झाला आहे, हे खरे. पण सोलापूरच्या जुन्या पेठांमध्ये अर्ज अडतो तो त्याच्याही आधी. वीजबिल दिवंगत वडिलांच्या किंवा आजोबांच्या नावावर, घर तीन भावांच्या सामाईक मालकीचे आणि बँक खाते चौथ्याच नावाचे, अशी स्थिती इथे अपवाद नाही. बिलावरील नाव बदलून घेतल्याशिवाय पुढचे पाऊल पडत नाही, आणि ते बदलण्यासाठी लागणारी वारसांची संमती मिळवणे ही विक्रेत्याच्या हातातली गोष्ट नसते.

कमिशनवर काम करणाऱ्याला हा सगळा विलंब स्वतःच्या पेट्रोलवर काढावा लागतो. म्हणून टक्केवारी विचारण्याआधी, कमिशन कोणत्या टप्प्यावर ‘पक्के’ धरले जाते, हे विचारावे : ग्राहकाने आगाऊ रक्कम भरल्यावर, साहित्य गच्चीवर पोहोचल्यावर, की नेट मीटर लागल्यावर? कर्ज नामंजूर झाल्याने व्यवहार फिसकटला तर आधी दिलेली रक्कम परत कापली जाते का? पहिल्या टप्प्यावर निम्मे देणारा व्हेंडर, शेवटच्या टप्प्यावर दीडपट देणाऱ्यापेक्षा नवख्या माणसासाठी अधिक चांगला, असे मी निःसंकोचपणे म्हणेन. कमिशन देणारी कंपनी असेल आणि वर्षाची रक्कम 20,000 रुपयांपुढे गेली, तर 2 टक्के टीडीएस (आगाऊ कापला जाणारा प्राप्तिकर) कापला जातो. विवरणपत्र भरल्यावर त्याचा हिशेब लागतो, त्यामुळे त्याची धास्ती घेण्याचे कारण नाही.

पगारी नोकरीत हा विलंब मालक सोसतो, परंतु नोकरी म्हणजे सुरक्षितता असे गृहीत धरू नये. भविष्य निर्वाह निधीचा कायदा सर्वसाधारणपणे 20 किंवा अधिक आणि कर्मचारी राज्य विमा योजना 10 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना लागू होते. शहरातील अनेक सोलर दुकाने त्यापेक्षा लहान असतात, तिथे ‘पगार’ म्हणजे केवळ महिन्याची ठरलेली रक्कम. शिवाय विक्रीसाठी घेतलेल्या माणसाकडूनच योजनेच्या पोर्टलवर कागद चढवणे, महावितरणच्या कार्यालयात चकरा मारणे आणि ‘सबसिडी कधी येणार’ या फोनला उत्तरे देणे, ही कामेही करून घेतली जातात. नवख्याला हे काम कंटाळवाणे वाटते, पण या व्यवसायातील खरे शिक्षण तेच आहे. ज्याने एकदा नाकारलेला अर्ज दुरुस्त करून मंजूर करून घेतला, तो पुढे ग्राहकाच्या घरी बसल्या बसल्या वीजबिल पाहूनच व्यवहार होईल की नाही, हे सांगू शकतो.

ग्राहक कोण, हे ठरवण्यात सोलापूरचा भूगोल मोठा वाटा उचलतो. एका किलोवॅटला सावली नसलेली साधारण 100 चौरस फूट जागा लागते आणि त्यातून महिन्याला 120 युनिटांच्या आसपास वीज मिळते. जुळे सोलापूर, विजापूर रस्ता, होटगी रस्ता या भागांतील स्वतंत्र बंगले आणि एसीमुळे उन्हाळ्यात फुगणारी बिले यांचा मेळ 3 किलोवॅटच्या संचाशी सहज बसतो, आणि म्हणून तिथे प्रत्येक व्हेंडरचा माणूस आधीच पोहोचलेला असतो. पूर्व भागात चित्र निराळे आहे. पत्र्याचे छत, घरातच चालणारे यंत्रमाग, आणि घराचे व मागाचे स्वतंत्र मीटर असल्यास अनुदान फक्त घरगुती जोडणीला, हे समजावून सांगावे लागते; तेही बऱ्याचदा तेलुगूत, तर अक्कलकोटच्या बाजूला कन्नडमध्ये. ज्याला या भाषा घरातूनच येतात आणि ज्याचा वायरमन, विमा एजंट किंवा सोसायटीचे सचिव अशा मंडळींशी जुना परिचय आहे, त्याला कमिशनची वाट खरोखर परवडते, कारण ग्राहक शोधण्याचा त्याचा खर्च नगण्य असतो. केवळ कंपनीने पाठवलेल्या फोन नंबरांच्या यादीवर अवलंबून राहणाऱ्याला ती परवडत नाही. महिना 70-80 युनिट वापरणाऱ्या घरांना मोठा संच गळ्यात मारणे मात्र पगारी आणि कमिशनवाल्या अशा दोघांनीही टाळावे.

बोलण्यातील सचोटीचा प्रश्न दोन्ही वाटांवर सारखा नाही. साधा ऑन-ग्रिड, म्हणजे महावितरणच्या लाइनला जोडलेला आणि बॅटरी नसलेला संच वीज गेल्यावर सुरक्षिततेसाठी आपोआप बंद होतो. ‘लाइट गेली तरी चालेल’ असे सांगून विकलेल्या संचाची तक्रार पहिल्याच भारनियमनात येते. बिल शून्यावर येईल हे आश्वासनही चुकीचे, कारण स्थिर आकार उरतोच. पॅनेलची क्षमता 25 अंश तापमानाला मोजलेली असते आणि त्यावरच्या प्रत्येक अंशामागे उत्पादन साधारण 0.3 ते 0.4 टक्क्यांनी घटते, त्यामुळे 40 अंशांपलीकडच्या आपल्या मे महिन्यात ऊन भरपूर असूनही मीटरवर अपेक्षेइतके युनिट दिसत नाहीत. धुळीने माखलेली पॅनेल धुवायला पाणी कुठून आणायचे, हा काही दिवसांआड नळाला पाणी येणाऱ्या शहरातला अगदी रास्त प्रश्न आहे. योजनेनुसार 5 वर्षे देखभालीची जबाबदारी व्हेंडरची असते, त्यामुळे पगारी विक्रेत्याला ही सगळी उत्तरे जपून द्यावीच लागतात. तक्रार त्याच्याच टेबलावर येणार असते. कमिशनवाल्याला तसा धाक नसतो, आणि नेमक्या याच कारणाने तो नातेवाइकांत व ओळखीत विकत असेल, तर त्याने दुप्पट काळजी घ्यावी.

माझा सल्ला असा की, घरात दुसरे उत्पन्न नसलेल्या आणि या क्षेत्रात नव्या असलेल्या माणसाने आधी एखाद्या संच बसवणाऱ्या व्हेंडरकडे किमान एक उन्हाळा आणि एक पावसाळा पगारावर काढावा. ज्यांचे दुकान, विमा किंवा इलेक्ट्रिकचे काम आधीच चालू आहे, त्यांनी नोकरीच्या भानगडीत न पडता कमिशन घ्यावे. योजनेची मुदत 2026-27 या आर्थिक वर्षापर्यंतची असल्याने, अनुदान थांबल्यास मोबदल्याचे काय, हे दोन्ही वाटांवर आजच विचारणे योग्य ठरेल. नोकरी स्वीकारताना आणखी एक अट लेखी घ्यावी : काम सोडते वेळी ज्यांचे मीटर लागायचे बाकी असेल, त्या ग्राहकांचा इन्सेंटिव्ह (पगाराखेरीज विक्रीमागे मिळणारी रक्कम) मिळणार की नाही, आणि मिळणार असल्यास किती दिवसांत.